ग्रीस देशातले पाथरवट

ग्रीस हा युरोप खंडाच्या दक्षिण टोकाला असलेला देश आहे. आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही तो लहान आहे. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि त्या समुद्रात शेकडो बेटे. जमीन बहुतेक खडकाळ. पण तिथल्या डोंगरांत एक धन आहे. ते म्हणजे पांढरा संगमरवर. पारोस आणि नॅक्सोस ही दोन बेटे आणि अथेन्स शहराजवळचा पेंटेली डोंगर, इथला दगड फार जुन्या काळापासून नावाजलेला आहे.

या दगडातून तिथल्या पाथरवटांनी मूर्ती घडवल्या. त्याला आज अडीच हजार वर्षे होऊन गेली. तरी जगभरचे लोक त्या पाहायला जातात. त्या मूर्ती कशा घडल्या, काळाप्रमाणे कशा बदलत गेल्या आणि पुढे त्यांचे काय झाले, ते या पाठात पाहू.

आधी सनांविषयी थोडे सांगतो. या पाठात 'इ. स. पूर्वी' असे शब्द पुष्कळदा येतील. म्हणजे इसवी सन सुरू होण्याच्या आधीची वर्षे. ती उलटी मोजतात. इ. स. पूर्वी ६०० हे साल जुने आणि इ. स. पूर्वी ४०० हे त्याच्या नंतरचे. विहिरीत उतरताना पायऱ्या मोजाव्यात, तसे हे आहे. आकडा जितका मोठा, तितके आपण खोल गेलो.

ताठ उभी पोरे

इ. स. पूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक पाथरवट माणसाएवढ्या आणि त्याहून मोठ्या मूर्ती घडवू लागले. त्या बहुतेक जवान पोरांच्या आहेत. अंगावर कपडा नाही. दोन्ही हात मांड्यांना लावलेले, मुठी मिटलेल्या, डावा पाय पुढे. अशा मूर्तीला 'कूरोस' म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थच जवान पोरगा असा आहे.

ही ठेवण ग्रीक लोकांनी इजिप्त देशात पाहिली होती. तिथे हजारो वर्षांपासून अशाच ताठ मूर्ती होत होत्या. ग्रीक लोक व्यापारासाठी आणि राजाच्या फौजेत चाकरीसाठी तिकडे जात. तिकडून त्यांनी हा धडा आणला.

दगड कसा कापत, तेही पाहू. चौकोनी ठोकळा घेऊन त्याच्या बाजूंवर आकृती रेखायची. मग चारी बाजूंनी टाकीने आत आत यायचे. म्हणून या मूर्तींना चार तोंडे असल्यासारखे वाटते. समोरून नीट दिसतात, बाजूने नीट दिसतात, पण अंग कुठे वळत नाही. पाय पुढे टाकलेला आहे खरा, पण चालल्यासारखे वाटत नाही. भार दोन्ही पायांवर सारखाच. ओठांवर मात्र बारीक हसू असते. ते पुढच्या मूर्तींवरही पुष्कळ वर्षे राहिले.

नॅक्सोस बेटावर अशी एक मूर्ती अर्धवट राहिलेली आहे. ती सुमारे साडेदहा मीटर लांब आहे, म्हणजे तीन मजली घराएवढी. खाणीतच तिला ओबडधोबड आकार दिला आणि मग काम सोडून दिले. अडीच हजार वर्षे ती तिथेच उताणी पडलेली आहे. दगड खाणीतच थोडा हलका करून घ्यायचा आणि मग देवळापर्यंत ओढत न्यायचा, अशी त्यांची रीत होती, हे या मूर्तीवरून कळते.

डेल्फी नावाच्या तीर्थाच्या ठिकाणी १८९३ आणि १८९४ साली दोन जुळ्यासारखे कूरोस जमिनीतून निघाले. मान जाड, दंड भरलेले. हे दोघे क्लेओबिस आणि बिटोन नावाचे भाऊ असावेत असे पुष्कळ विद्वान म्हणतात, काही म्हणत नाहीत. त्या भावांची गोष्ट हेरोडोटस नावाच्या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. त्यांच्या आईला देवीच्या जत्रेला जायचे होते. बैलगाडी तयार होती, पण बैल रानातून वेळेवर आले नाहीत. तेव्हा दोघा भावांनी जू आपल्या मानेवर घेतले. आईला गाडीत बसवले आणि सुमारे आठ किलोमीटर गाडी ओढत देवळाशी नेली. जत्रेतल्या बायकांनी त्या माउलीला धन्य धन्य म्हटले. आईने देवीकडे मागणे मागितले, 'माणसाला जे सगळ्यांत चांगले ते माझ्या लेकरांना दे.' दोघे जेवून देवळात झोपले ते पुन्हा उठलेच नाहीत. त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांचे पुतळे करून डेल्फीला वाहिले. देवीने दिलेले हे दान चांगले की वाईट, यावर आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा दोन तास वाद झाला. आयाबायांना ते मुळीच पटले नाही.

पुरुषांच्या मूर्ती उघड्या, पण बायकांच्या मूर्ती मात्र कपड्यांत असत. १९७२ साली अथेन्सजवळच्या एका गावी जमिनीत पुरलेली एका मुलीची मूर्ती सापडली. तिचे नाव फ्रासिक्लेआ. ती लग्नाआधीच वारली. म्हणून तिच्या थडग्यावर ही मूर्ती उभी केली होती. डोक्यावर फुलांचा मुकुट आणि हातात कमळाची कळी. खाली दगडात तिच्या तोंडी शब्द कोरले आहेत. देवांनी मला लग्नाऐवजी कुमारी हेच नाव दिले, अशा अर्थाचे ते आहेत. पुढे पाथरवटाने आपलेही नाव कोरले आहे : पारोसचा ॲरिस्टिओन. बाप कोण, घर कसे, काही उरले नाही. ही अक्षरे उरली.

या मुलीच्या अंगावरच्या लुगड्याला लाल रंग होता. त्याचे डाग अजून दिसतात. ग्रीक मूर्ती पांढऱ्याशुभ्र असतात असे लोक पुष्कळ काळ समजत होते. पण तसे नाही. ओठ, केस, डोळे, कपड्यांचे काठ, सगळे रंगवलेले असे. मातीत आणि पावसात रंग उडाला आणि दगड उघडा पडला, इतकेच.

भार एका पायावर

इ. स. पूर्वी ४८० साली इराणच्या बादशहाने ग्रीसवर स्वारी केली. अथेन्स शहर जाळले. तिथल्या टेकडीवरची देवळे पाडली, मूर्ती फोडल्या. पुढे त्याच साली आणि पुढच्या साली ग्रीकांनी इराण्यांचा पराभव केला. लोक परत आले. फुटलेल्या मूर्ती देवाला वाहिलेल्या, त्या टाकायच्या कुठे? म्हणून त्यांनी त्या टेकडीवरच खड्ड्यांत पुरून टाकल्या. सुमारे तेवीसशे वर्षांनी खोदकामात त्या निघाल्या. काहींवर रंग अजून ताजा होता. शत्रूने फोडल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या, असा हा उलटा न्याय!

याच सुमाराची एका पोराची मूर्ती आहे. ती लहान आहे, हातही तुटलेले आहेत. पण तिच्यात एक नवी गोष्ट झाली. ती समजायला तुम्ही जरा उभे राहा. आधी दोन्ही पायांवर सारखा भार द्या. आता भार एका पायावर घ्या आणि दुसरा गुडघा सैल सोडा, जसे आपण एस. टी. ची वाट पाहताना उभे राहतो. काय झालं? ज्या पायावर भार, तिकडची कंबर वर आली. खांदा थोडा कलला. पाठीच्या कण्याला हलका बाक आला. सगळ्या अंगात फरक पडला, नाही का? ग्रीक पाथरवटाने हे पाहिले आणि दगडात आणले. मान किंचित वळवली. ओठांवरचे ते हसूही गेले. आमच्या मते या सगळ्या इतिहासात इतकी मोठी उडी दुसरी नाही.

यानंतरच्या दीडशे वर्षांना ग्रीक कलेचा ऐन भराचा काळ म्हणतात. पुस्तकांत त्याला अभिजात काळ असे नाव आहे.

मेण, माती आणि कासे

या काळातले मोठे कलावंत दगडापेक्षा धातूत जास्त काम करीत. तांब्यात कथील मिसळले की कासे होते. त्याचे ते पुतळे ओतीत. रीत आपल्याकडच्या ओताऱ्यांना ठाऊक असलेलीच आहे. मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाचा पातळ थर देऊन नाकडोळे कोरायचे. वरून पुन्हा माती थापायची. मग भाजायचे. मेण वितळून वाहून जाते आणि आत पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेले कासे ओतायचे. मोठा पुतळा एका दमात ओतत नसत. डोके, हात, धड निराळे ओतून मग जोडीत.

डेल्फीला १८९६ साली एका रथ हाकणाऱ्याचा असा पुतळा सापडला. तो सुमारे १.८ मीटर उंच आहे. शर्यत जिंकल्यावर तो लगाम धरून शांत उभा आहे. डोळे निराळे करून बसवलेले आणि पापण्यांचे केस तांब्याचे. रथात उभा असल्यामुळे पाय कोणाला दिसणार नव्हते. तरी पायांच्या शिरादेखील कारागिराने काढल्या आहेत.

असे पुतळे हजारो होते. आज बोटांवर मोजण्याइतके पूर्ण उरले आहेत. कारण सोपे आहे. धातू वितळतो. त्याची नाणी होतात, भांडी होतात, हत्यारे होतात. गरज पडली की पुतळा भट्टीत. डेल्फीचा रथवाला वाचला, कारण भूकंपात तो मातीखाली गाडला गेला. काही पुतळे वाचले ते जहाज बुडाल्यामुळे. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर रिआचे नावाचे गाव आहे. तिथे १९७२ साली पाण्यात बुडी मारणाऱ्या एका माणसाला वाळूतून वर आलेला हात दिसला. त्याला वाटले, मेलेला माणूस आहे. निघाले दोन योद्ध्यांचे पुतळे! त्यातल्या एकाचे दात चांदीचे आहेत.

मग उरलेल्या पुतळ्यांची माहिती आपल्याला कशी? रोमच्या लोकांमुळे. त्यांनी ग्रीस जिंकले, पण ग्रीकांच्या मूर्तींवर ते फार लुब्ध होते. त्यांनी कास्याच्या पुतळ्यांच्या नकला दगडात करून घेतल्या. मायरन नावाच्या कलावंताने थाळी फेकणारा गडी केला होता, तो आज फक्त नकलांतच दिसतो. पॉलिक्लायटसच्या भालेवाल्याचेही तसेच. बोटापासून हातापर्यंत कोणते अंग केवढे असावे, याचा हिशेब त्याने पुस्तकात लिहिला होता. ते पुस्तकही गेले. या नकला ओळखण्याची एक खूण आहे. पायाला लागून झाडाचा बुंधा दिसतो. कास्याचा पुतळा दोन घोट्यांवर उभा राहतो. दगडाचे घोटे मोडतात, म्हणून नक्कल करणाऱ्याने बुंध्याचा टेकू दिला.

देऊळ आणि त्याचा हिशेब

इराण्यांनी जाळलेल्या टेकडीवर अथेन्सच्या लोकांनी इ. स. पूर्वी ४४७ साली नवे देऊळ बांधायला घेतले. त्याचे नाव पार्थेनॉन. पेरिक्लीस हा तेव्हा शहराचा पुढारी होता. मूर्तिकामावर देखरेख फिडियसची. इ. स. पूर्वी ४३२ साली काम पुरे झाले. पैसा कुठून आला? इराण्यांशी लढण्यासाठी ग्रीक गावांनी वर्गणी जमा केली होती. अथेन्सने त्यातला पैसा आपल्या देवळांकडे वळवला. तेव्हाही लोकांनी यावर टीका केली होती.

देवळाच्या भिंतीवर वरच्या अंगाला सुमारे १६० मीटर लांब कोरीव पट्टा होता. त्यात देवीच्या जत्रेची मिरवणूक आहे. घोडेस्वार, पाण्याच्या घागरी वाहणारे, वाजंत्रीवाले. बळी द्यायला चालवलेली एक कालवड मान वर करून हंबरते आहे. गुरे पाळणाऱ्या माणसाने ती पाहावी! दोर खेचणारा, अडणारी कालवड, ताणलेली मान, सगळे जसेच्या तसे. मनुष्य आणि देव तर सुंदर आहेतच, पण या कालवडीत पाथरवटाचा डोळा कळतो.

आत अथीना देवीची सुमारे १२ मीटर उंच मूर्ती होती. अंग हस्तिदंताचे आणि वस्त्रे सोन्याची. सोने हजार किलोच्या आसपास होते. फिडियसने सोने खाल्ले असा आरोप झाला. पण त्याने सोन्याचे पत्रे काढता येतील असे बसवले होते. काढा आणि तोला, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले, आणि तो त्या आरोपातून सुटला. मग शत्रूंनी दुसरा आरोप काढला, की देवीच्या ढालीवर त्याने आपलाच चेहरा कोरला. जुन्या लेखकांत तो कैदेत मेला असे एक जण सांगतो. सोने पुढे इ. स. पूर्वी २९६ च्या सुमारास एका हुकूमशहाने काढून शिपायांच्या पगाराला वापरले.

त्याच टेकडीवर इरेक्थेऑन नावाचे दुसरे देऊळ आहे. तिथे सहा तरुणी डोक्यावर छप्पर तोलून उभ्या आहेत. डोक्यावर भार असून मान ताठ आहे. पाण्याचे हंडे वाहणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळे सांगायला नको. पण या देवळाची आम्हाला आवडणारी गोष्ट निराळीच आहे. त्याच्या बांधकामाचा हिशेब दगडावर कोरून उभा केला होता. ज्याला वाचता येते त्याने वाचावा. काही तुकडे आज आहेत. अमक्याने अमकी मूर्ती कोरली, त्याला ६० द्राख्मा. बाई आणि तिला बिलगलेले मूल, ८० द्राख्मा. द्राख्मा हे त्यांचे चांदीचे नाणे. चांगल्या कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राख्मा. म्हणजे एका मूर्तीला दोन महिन्यांची मजुरी.

या यादीत गावचे नागरिक आहेत, बाहेरून आलेले आहेत आणि गुलामही आहेत. एकाच कामाला तिघांनाही दर सारखा. वाचून बरे वाटते. पण गुलामाची मजुरी बहुधा त्याच्या धन्याच्या हाती पडत असे. तो हिशेब दगडावर नाही.

सुंदर मूर्ती आणि खरा माणूस

उघड्या मूर्तींविषयी आम्हाला नेहमी विचारतात, 'गुरुजी, लाज नव्हती का हो त्यांना?' ग्रीक पुरुष आखाड्यात कपडे उतरवून व्यायाम करीत, शर्यतीही तशाच धावत. आपल्या तालमीत लंगोट तरी असतो, त्यांना तोही नव्हता. कमावलेले अंग ही त्यांना देवाची देणगी वाटे. बायकांच्या बाबतीत मात्र त्यांनाही संकोच होता. इ. स. पूर्वी ३५० च्या सुमारास प्रॅक्झिटेलीस नावाच्या मूर्तिकाराने प्रीतीच्या देवीच्या दोन मूर्ती केल्या, एक वस्त्रांत आणि एक स्नानाला निघालेली, उघडी. कोस गावाने वस्त्रांतली घेतली. उघडी मूर्ती क्नीडोस गावाने घेतली. तिला पाहायला दूरदूरचे लोक जहाजाने येऊ लागले. पुढे त्या गावावर मोठे कर्ज झाले. एक राजा म्हणाला, मूर्ती द्या, सगळे कर्ज फेडतो. गावाने कर्ज ठेवले आणि मूर्तीही ठेवली! ती मूळ मूर्ती आता नाही. नकला आहेत.

त्याच शतकात लिसिपस झाला. शिकंदर बादशहाचे पुतळे करणारा तो हाच. त्याने डोके लहान आणि अंग सडपातळ ठेवले, म्हणून त्याचे पुतळे उंच वाटतात.

इ. स. पूर्वी ३२३ साली शिकंदर वारला. त्याचे राज्य सरदारांनी वाटून घेतले. ग्रीक पाथरवट दूरदूरच्या दरबारांत गेले. तिथून पुढच्या तीनशे वर्षांत मूर्ती बदलल्या. पूर्वी फक्त जवान आणि देखणे लोक दिसत. आता म्हाताऱ्या बाया, कोळी, लहान पोरे, घायाळ शत्रू यांच्याही मूर्ती झाल्या. सामोथ्रेस बेटावरची पंखांची विजयदेवी याच काळातली. ती जहाजाच्या नाळीवर उतरते आहे आणि वाऱ्याने वस्त्र अंगाला चिकटले आहे. तिला शिर नाही, तरी वारा जाणवतो.

आम्हाला विचाराल तर या काळातला रोम शहरात १८८५ साली सापडलेला मुष्टियोद्धा पाहावा. कास्याचा आहे. लढत संपली आहे आणि तो दगडावर बसला आहे. हाताला कातडी पट्टे बांधलेले. नाक मोडलेले. आपल्या जुन्या पैलवानांचे कान कुस्तीने चेपलेले असतात, तसे त्याचे कान. जखमांतून रक्त आले आहे ते दाखवायला तिथे तांबडे तांबे बसवले आहे. तो मान वळवून वर कोणाकडे तरी पाहतो आहे. जिंकला की हरला, काही कळत नाही. दमला आहे एवढे कळते. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचा कलावंत असा गडी देखणा आणि शांत केल्यावाचून राहिला नसता.

पुढे काय झाले

पुढे जुन्या देवांची पूजा थांबली. तेव्हा संगमरवरी मूर्तींवर दुसरे संकट आले. संगमरवर भाजला की चुना होतो. घरे बांधायला चुना हवा. कितीतरी मूर्ती चुन्याच्या भट्टीत गेल्या.

पार्थेनॉन टिकले होते. त्याचे आधी चर्च झाले, मग तुर्कांच्या राज्यात मशीद झाली. १६८७ साली व्हेनिसच्या फौजेने अथेन्सला वेढा घातला. तुर्कांनी देवळात दारू साठवली होती. तोफेचा गोळा तिच्यावर पडला आणि देवळाचा मधला भाग उडाला. पुढे १८०१ सालापासून एल्गिन नावाच्या इंग्रज वकिलाच्या माणसांनी उरलेल्या कोरीव कामातला मोठा भाग काढून लंडनला नेला. तुर्की सरकारने परवानगी दिली होती असे तो म्हणे. १८१६ साली इंग्रज सरकारने ते ३५,००० पौंडांना विकत घेतले. ग्रीस तेव्हा पारतंत्र्यात होता. ज्यांचे देऊळ त्यांना कोणी विचारले नाही. आज त्या कोरीव पट्ट्याचा जवळजवळ निम्मा भाग लंडनला आहे. लंडनला तो नीट सांभाळला असे सांगतात. पण १९३८ च्या सुमारास तिथे दगड पांढरे दिसावेत म्हणून मूर्तींचा वरचा थर धातूच्या हत्यारांनी खरवडला गेला, हेही खरे आहे. ग्रीसने अथेन्सला टेकडीच्या पायथ्याशी २००९ साली मोठे संग्रहालय उघडले. जे लंडनला आहे त्याच्या पांढऱ्या नकला तिथे मूळ तुकड्यांशेजारी लावल्या आहेत. ग्रीस आपल्या मूर्ती परत मागतो आहे. आमच्या मते त्या परत जाव्यात.

मिलोस बेटावर १८२० साली एक शेतकरी पडक्या भिंतीचे दगड काढत होता. दगडाखाली एका बाईचे अर्धे धड लागले. शोधल्यावर दुसरा अर्धा भागही मिळाला. ही प्रीतीची देवी, दोन मीटरहून थोडी उंच. हात नाहीत. किनाऱ्याला फ्रेंच जहाज होते. त्यावरच्या अंमलदारांनी खटपट करून ती मिळवली आणि ती पॅरिसला गेली. आज तिला पाहायला रोज हजारो लोक रांग लावतात.

ग्रीकांना आपल्या जुन्या भाषेत यवन म्हणत. शिकंदर इ. स. पूर्वी ३२६ साली पंजाबपर्यंत आला होता. पुढे गांधार देशात, म्हणजे आजच्या पाकिस्तान आणि अफगाणिस्तानच्या भागात, बुद्धाच्या मूर्ती झाल्या. त्यांच्या वस्त्राच्या चुण्यांत ग्रीक हात दिसतो. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात काही खांब यवनांनी दान दिले, असे खांबांवरच कोरले आहे. आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात कास्याची एक लहानशी मूर्ती निघाली. ती पोसायडन नावाच्या ग्रीकांच्या समुद्रदेवाची आहे. रोमच्या काळात व्यापाऱ्यांबरोबर ती समुद्र ओलांडून आणि घाट चढून आली. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ती ठेवलेली आहे. देवीच्या दर्शनाला जाल तेव्हा तिकडेही जा. खालची पाटी मराठीत आहे की नाही, ते आम्हाला कळवा.